मोटारीच्या बॅटरीची नाडीपरीक्षा



काव्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांच्या पंगतीत मोटारीच्या बॅटरीला पाट मांडलेला पाहून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी विद्युत्‌शास्त्राचा पदवीधर नाही. चालक, क्लीनर आणि गॅरेजमधले मिस्त्री यांच्या संघटनेचे काम करताना, त्यांच्या तक्रारी नीट समजाव्यात म्हणून जे वाचले आणि गाडीचे बॉनेट उघडून शेजारी उभे राहून जे पाहिले, तेवढीच माझी पुंजी. पण हा विषय आता केवळ चालकांचा राहिलेला नाही. आपल्या दाराशीही मोटार उभी असते, आणि एखाद्या सकाळी ती उठायला नकार देते.

अशा वेळी दुकानदार म्हणतो, ‘बॅटरी गेली, नवी घाला.’ मालक म्हणतो, ‘ड्रायव्हरने दिवे चालू ठेवले असतील.’ ड्रायव्हर म्हणतो, ‘बॅटरी मुळातच जुनी होती.’ तिघेही अंदाजाने बोलतात, आणि अंदाजांच्या भांडणात ज्याचा आवाज मोठा किंवा ज्याची पत मोठी त्याचेच खरे ठरते. वास्तविक या भांडणाचा निवाडा करणारे साधन काही शे रुपयांत बाजारात मिळते. त्याला मल्टिमीटर म्हणतात. एकाच डबीत दाब मोजणारा व्होल्टमीटर आणि प्रवाह मोजणारा अ‍ॅमीटर, असे दोन्ही त्यात असतात. त्याला कोणता प्रश्न केव्हा विचारायचा आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, एवढेच आज पाहावयाचे आहे.

बॅटरीच्या पोटात काय असते

शिसे आणि आम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. मोटारीत तिला मानाची जागा मिळाली ती १९१२ नंतर. त्या वर्षी चार्ल्स केटरिंग याने बसवलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत आला, आणि हँडल मारून मनगट मोडून घेण्याचे दिवस हळूहळू सरले. तेव्हापासून बॅटरीचे मुख्य काम एकच : दोनतीन सेकंद प्रचंड प्रवाह देऊन इंजिनाला जाग आणणे.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. प्रत्येक घरात दोन प्रकारच्या प्लेटा असतात. एक सच्छिद्र शिशाची, दुसरी शिशाच्या डायऑक्साइडची. दोन्ही पाणी मिसळलेल्या गंधकाम्लात बुडालेल्या असतात. वीज घेऊ लागलो की आम्लातला अंश दोन्ही प्लेटांवर जाऊन बसतो, त्यांवर शिशाचे सल्फेट तयार होते, आणि मागे उरलेले आम्ल पातळ होत जाते. बॅटरी चढवली की हीच क्रिया उलटी होते. सल्फेट विरघळते आणि आम्ल पुन्हा दाट होते.

म्हणजे आम्लाची घनता हीच बॅटरीतल्या शिल्लक विजेची खूण. जुने मिस्त्री हायड्रोमीटर नावाची काचेची नळी आत बुडवून ती मोजत, आणि ज्या बॅटऱ्यांना झाकणे आहेत त्यांच्या बाबतीत आजही ती रीत उत्तम आहे. बंद बॅटरीला मात्र झाकण नसते. काही बॅटऱ्यांच्या पाठीवर हिरवा ठिपका दाखवणारा डोळा असतो, पण तो सहांपैकी एकाच घरात बसवलेला असतो. बाकीच्या पाचांविषयी तो काही सांगू शकत नाही.

सुदैवाने घनता आणि दाब यांचे नाते सरळ आहे. घनतेच्या आकड्यात ०.८४ मिळवले की एका घराचा दाब जवळजवळ बरोबर मिळतो. घनता १.२६५ असेल तर दाब सुमारे २.१ व्होल्ट, आणि सहा घरांचे मिळून १२.६ व्होल्ट. म्हणून आत नळी न बुडवताही बाहेरून व्होल्टमीटर लावून आम्लाची हालहवाल कळते.

पहिला प्रश्न : विश्रांतीत दाब किती ?

मीटर डी.सी. व्होल्टच्या २० या आकड्यावर ठेवावा, तांबडी तार धन टर्मिनलला आणि काळी ऋण टर्मिनलला लावावी. पण केव्हा ? गाडी नुकतीच थांबवली असेल तर बॅटरी फुगवून आकडा सांगते, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावर नुकतीच चढलेली वीज असते. गाडी रात्रभर उभी राहू द्यावी आणि सकाळी, बॅटरीवर कोणतेही काम पडण्यापूर्वी मोजावे. घाईच असेल तर इंजिन बंद ठेवून पुढचे दिवे दोन मिनिटे लावावेत, मग बंद करून थोडे थांबावे व मोजावे.

आकडा १२.६ किंवा त्याहून अधिक असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावच उरली. ११.८ म्हणजे ती रिकामीच समजावी. पहा, भरलेली आणि रिकामी यांत एक व्होल्टचेसुद्धा अंतर नाही. ‘बारा व्होल्ट आहेत की, मग बॅटरी चांगली’ असे म्हणणारा मनुष्य पाऊण रिकाम्या बॅटरीला प्रशस्तिपत्र देत असतो. चढवून झाल्यावरही आकडा १०.५ च्या आसपास अडून राहिला, तर सहांपैकी एक घर निकामी झाले असे बहुधा समजावे, कारण पाच घरांचे मिळून तेवढेच होतात.

एक पथ्य येथे सांगून ठेवतो. उष्ण प्रदेशासाठी काही बॅटऱ्यांत आम्ल जरा पातळ भरतात. त्यांचा पूर्ण भरल्याचा आकडा किंचित कमी असतो. उलट काही नव्या बंद बॅटऱ्या १२.८ पर्यंत दाखवतात. म्हणून नवी बॅटरी पूर्ण भरलेली असतानाचा तिचा स्वतःचा आकडा लिहून ठेवावा. पुढची तुलना त्याच्याशी करावी.

मोठ्या ट्रकांत आणि बसगाड्यांत पुष्कळदा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. तेथे एकूण बेरीज मोजून समाधान मानू नये. एक १२.८ आणि दुसरी ११.८ असली तरी बेरीज २४.६ येते आणि सारे ठीकठाक दिसते. दोघींची नाडी वेगवेगळी पाहावी.

दुसरा प्रश्न : ओझे दिल्यावर काय होते ?

आता खरी मेख अशी की, विश्रांतीतला आकडा फक्त पातळी सांगतो, खोली सांगत नाही. गावाबाहेरचे तळे काठोकाठ भरलेले दिसते, पण तळाशी पुरुषभर गाळ साचलेला असेल तर त्यात पाणी किती ? जुन्या बॅटरीचे असेच होते. प्लेटांवरचा मसाला झडतो, सल्फेटचे कडक स्फटिक जागा अडवतात, आणि उरलेली थोडी जागा लवकर भरून १२.६ चा आकडा दिमाखात झळकतो. धक्क्यावर बसलेल्या हमालाकडे नुसते पाहून त्याची ताकद कळत नाही. पाठीवर पोते दिले की पाय लटपटतात का, ते कळते.

बॅटरीच्या पाठीवरचे पोते म्हणजे स्टार्टर. मीटर टर्मिनलांना लावून ठेवावा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. छोट्या मोटारीचा स्टार्टर शंभर-दोनशे अ‍ॅम्पियर ओढतो, त्यामुळे दाब खाली येणारच. तो दहा व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी दणकट आहे. विश्रांतीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली घसरत असेल, तर तिचे दिवस भरत आले असे समजावे. मात्र मुळातच ती अर्धी उतरलेली असेल तर ही परीक्षा घेणे अन्यायाचे होईल. उपाशी माणसाला पोते देऊन त्याला दुबळा ठरवण्यासारखे ते आहे. आधी पूर्ण चढवावी, मग परीक्षा घ्यावी. अंकांचे मीटर मंद असतात आणि क्षणभराची घसरण त्यांच्या नजरेतून सुटते. किमान आकडा धरून ठेवण्याची सोय असलेला मीटर, किंवा जुना काट्याचा मीटर, येथे अधिक उपयोगी पडतो.

पण बॅटरीला दोष देण्यापूर्वी तिच्या पकडी पाहाव्यात. शिशाच्या खुंटावर आवळलेल्या तारेच्या पकडीत पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचते. तिचा अडथळा दिसायला क्षुल्लक असतो. समजा, एका ओहमचा शंभरावा भाग. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली मांडलेल्या नियमाप्रमाणे दीडशे अ‍ॅम्पियर प्रवाह या अडथळ्यातून जाताना दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बॅटरी देते, पण स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही. हे पकडायची युक्ती सोपी आहे. मीटरचे एक टोक खुंटावर आणि दुसरे त्याच खुंटावरच्या पकडीवर ठेवून सेल्फ मारावा. जोड स्वच्छ असेल तर आकडा शून्याजवळ राहील. अर्धा व्होल्ट दिसला तर दोष तेथे आहे. तार काढून, खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने जोड धुऊन, कोरडा करून घट्ट आवळला की काम झाले. पाच पैशांच्या सोड्याचे काम असताना हजारो रुपयांची बॅटरी विकली गेल्याची उदाहरणे गॅरेजमधल्या प्रामाणिक मिस्त्रीला विचारा, तो सांगेल.

तिसरा प्रश्न : भर पडते का ?

इंजिन चालू झाले की अल्टरनेटर बॅटरी चढवू लागतो. त्या वेळी टर्मिनलांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. आकडा विश्रांतीइतकाच राहिला तर पट्टा सैल आहे किंवा अल्टरनेटर काम करीत नाही. तेव्हा नवी बॅटरी घातली तरी तीही दोन दिवसांत उतरेल. उलट आकडा पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे. अशी बॅटरी ‘पाणी पिते’, तापते, आणि अकाली मरते. अलीकडच्या काही मोटारींत संगणक इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मुद्दाम कमीजास्त करतो. तेथे क्षणभर तेरा व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नये, दिवे लावून थोडा वेळ पाहावे.

जुन्या जीपच्या डॅशबोर्डवर मधोमध शून्य असलेला अ‍ॅमीटर असे. काटा उजवीकडे गेला की जमा, डावीकडे गेला की खर्च. गाडी सुरू झाल्याबरोबर काटा जमेकडे उडी घेई आणि बॅटरी भरत जाईल तसा शून्याकडे परते. चालकाला रोजचा जमाखर्च डोळ्यांसमोर दिसे. नव्या गाड्यांत त्याची जागा एका तांबड्या दिव्याने घेतली. हा दिवा संकट आल्यावर बोलतो, अगोदर काही सांगत नाही. म्हणूनच हातातल्या मीटरची गरज वाढली आहे.

या जमाखर्चात एक गंमत आहे. दोनशे अ‍ॅम्पियर तीन सेकंद घेतले तर खर्च किती ? एका अ‍ॅम्पियर-तासाचा जेमतेम सहावा भाग. सेल्फने बॅटरी उतरते ही समजूत म्हणूनच बरीचशी खोटी आहे. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे दहा अ‍ॅम्पियर घेतात. इंजिन बंद असताना ते तासभर जळले तर दहा अ‍ॅम्पियर-तास जातात. म्हणजे सेल्फच्या साठ वेळांइतका खर्च. बॅटरीला मोठा घाव बसत नाही, तिला न दिसणारी गळती मारते.

चौथा प्रश्न : रात्री कोण चोरते ?

ही गळती अ‍ॅमीटरने पकडायची. व्होल्टमीटर दोन टर्मिनलांच्या आडवा लावतात. अ‍ॅमीटर मात्र प्रवाहाच्या वाटेत, तार सोडवून मध्ये बसवावा लागतो. हा फरक विसरू नका. अ‍ॅमीटर दोन टर्मिनलांना आडवा लावला तर तो केवळ जाड तारेसारखा वागतो, ठिणगी उडते, फ्यूज जातो, हात भाजतो. मीटरची तांबडी तार दहा अ‍ॅम्पियरच्या छिद्रात घालावी, गाडीची सर्व बटणे बंद करून किल्ली काढावी, बॅटरीची ऋण तार सोडवून ती तार आणि ऋण खुंट यांच्या मध्ये मीटर बसवावा. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कदापि मारू नये. आणि काम झाल्यावर तांबडी तार पुन्हा व्होल्टच्या छिद्रात घालावी. पुढच्या वेळी व्होल्ट मोजताना होणारा घोटाळा त्याने टळतो.

नव्या गाड्यांतले संगणक लगेच झोपत नाहीत, म्हणून अर्धा तास थांबावे. मग घड्याळ, कुलूप इत्यादींसाठी २० ते ५० मिलिअ‍ॅम्पियर प्रवाह दिसणे स्वाभाविक आहे. आकडा याहून फार मोठा असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने आकडा पडतो, चोर त्या घरात आहे.

आमच्या संघटनेकडे एकदा एका छोट्या मालवाहू टेम्पोचा चालक तक्रार घेऊन आला. दर सोमवारी सकाळी गाडी ढकलावी लागे. दिवे चालू ठेवल्याचा आरोप ठेवून मालकाने एका वर्षात दोन बॅटऱ्यांची किंमत त्याच्या पगारातून कापली होती. मालकाच्या समक्ष मीटर जोडला. अर्धा तास थांबलो तरी आकडा अर्ध्या अ‍ॅम्पियरवर अडून राहिला. फ्यूज काढून काही फरक पडेना, कारण मालकाने हौसेने बसवून घेतलेल्या ध्वनिवर्धकाची तार दुकानदाराने थेट बॅटरीवरून घेतली होती. ती सोडवताच आकडा तीस मिलिअ‍ॅम्पियरवर आला. शनिवारी संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत छत्तीस तास धरले तर अठरा अ‍ॅम्पियर-तास झाले. बॅटरी होती पस्तीस अ‍ॅम्पियर-तासांची. दर आठवड्याला ती निम्म्याने रिकामी होत होती, आणि तशी वारंवार उतरत राहिल्याने प्लेटांवरचे सल्फेट कडक होऊन बसत होते. मालक भला माणूस होता. आकडा पाहिल्यावर त्याने वाद घातला नाही, दुसऱ्या बॅटरीचे पैसे परत केले. पहिलीचे मात्र मिळाले नाहीत. तिच्याबाबत कोणी काही मोजले नव्हते की लिहून ठेवले नव्हते.

कामगाराच्या हयगयीमुळेच नुकसान झाले असेल तरच ते वेतनातून कापता येते, आणि तेही त्याला आपली बाजू मांडू दिल्यावर. हे तत्त्व १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होते, २०१९ च्या वेतन संहितेतही ते कायम आहे. पण बाजू मांडायची ती कशाच्या बळावर ? ‘साहेब, मी दिवे बंद केले होते’ हे वाक्य खरे असले तरी एकटे पडते. त्याच्या जोडीला आकडा असला की ते उभे राहते.

काही पथ्ये

बॅटरी चढताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्के झाले तरी तो स्फोटक ठरतो. म्हणून जवळ विडी-सिगारेट नको, ठिणगी नको, बंद खोली नको. टर्मिनले सोडवताना आधी ऋण, जोडताना ऋण शेवटी. डोळ्यांवर चष्मा असावा. झाकणाच्या बॅटरीत फक्त शुद्ध केलेले पाणी घालावे, आम्ल नाही. आपल्याकडे थंडीपेक्षा उन्हाळा बॅटरीला अधिक मारतो. चैत्र-वैशाखात पाण्याची पातळी वरचेवर पाहावी. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींतही एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, आणि ती उतरली तर लाखो रुपयांची गाडी जागी होत नाही. तिलाही हीच परीक्षा लागू आहे. त्या गाड्यांतल्या नारिंगी तारांना मात्र, त्यांचे शिक्षण घेतलेल्या माणसाखेरीज कोणीही हात लावू नये.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन मोकळे होऊ नका. शिसे हे विष आहे, आणि ते सर्वांत जास्त बाधते लहान मुलांना. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवणाऱ्याची झोपडी बहुधा त्याच्या मुलाबाळांसह तेथेच असते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी घेताना जुनी त्याच विक्रेत्याकडे परत द्यावी आणि पावती घ्यावी.

शेवटी एकच सूचना. गाडीत एक चार पानांची वही ठेवा. महिन्यातून एकदा तारीख घालून तीन आकडे लिहा : सकाळचा विश्रांतीचा, सेल्फ मारतानाचा, इंजिन चालू असतानाचा. एकटा आकडा फसवू शकतो. बारा महिन्यांचे बारा आकडे सहसा फसवत नाहीत. सेल्फचा आकडा १०.८ वरून १०.४, १०.४ वरून ९.९ असा उतरत चालला, की बॅटरी दोन-तीन महिने आधीच आपला निरोप कळवत असते. मग रस्त्यात अडकायचे कारण नाही, दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचे कारण नाही, आणि कुणा गरिबावर आळ घ्यायचेही कारण नाही. ज्या गॅरेजात किंवा ज्या गाडीतळावर दहा चालक एकत्र येतात, त्यांनी वर्गणी काढून एक मीटर घ्यावा आणि तो वापरायला एकमेकांना शिकवावे.